शाळेच्या वरणातला दुधी

माझी बायको महाळुंग्याच्या एका वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधते. वहिनी काय करतात असं कुणी विचारलं की मी सांगतो, शाळा चालवते. लोक हसतात. हसू देत. एकदा दुपारी तिथं जाऊन बसा आणि मग सांगा शाळा कोण चालवतं ते.

तिथली बहुतेक पोरं नांदेड, परभणी, लातूरकडून कंपन्यांत कामाला आलेल्यांची. आईबाप फर्स्ट शिफ्टला निघतात तेव्हा ती झोपलेली असतात. उठून काय खातात, देव जाणे. कुणी चहात पाव बुडवून येतं, कुणी तसंच. अकरा वाजले की त्यांचं फळ्याकडे लक्षच नसतं, सगळे कान स्वयंपाकाच्या खोलीकडे. बायकोला हे ठाऊक आहे. म्हणून ती वरण दाट करते, आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करणाऱ्या पोराला कधी 'अजून?' म्हणून विचारत नाही. मला घरी विचारते, ती गोष्ट वेगळी.

वाढायच्या आधी मोठ्या माणसानं चव घ्यायची असा सरकारचा नियम आहे. तिचा स्वतःचा त्याहून कडक. काकडी असो, दोडका असो, दुधी असो, चिरताना ती देठाकडचा एक तुकडा आधी तोंडात टाकते. आमच्याकडच्या सगळ्याच बायका टाकतात. कडू निघाला तर आख्खा फेकून देतात, कारण कडू दुधी पोटात गेला तर धडधाकट माणूस ओकून ओकून आडवा होतो. लेकरांचं तर बोलायलाच नको.

त्या वर्षी तिनं सोळा सोमवार धरले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, नातेवाइकांचे सल्ले तर फुकटच. शेवटी श्रावणात तिनं उपास सुरू केले. संध्याकाळपर्यंत मिठाचा कण तोंडात नाही. एक सोमवार मोडला की पुन्हा पहिल्यापासून. आणि फोडणीच्या वासात उभं राहून पोरांना वाढायचं! मी उपास धरला तर सकाळी दहालाच माझं डोकं फिरतं. सोमवारची चव तिच्या जोडीची काकू घ्यायची, त्यामुळे काही अडत नव्हतं.

शेवटचा सोमवार आला तो नेमका आळंदीच्या एकादशीला. त्या दिवशी आमच्या भागात जेवतं कोण, राव? गुरुजींना उपास, बाईंना उपास, आणि काकू पहाटेच आळंदीला गेलेली. माझी सेकंड शिफ्ट होती. म्हणून सकाळी मी घरामागच्या वेलाचे दुधी गाडीवर टाकून शाळेत नेऊन दिले आणि पातेली उचलू लागायला तिथंच थांबलो. जमीन कंपन्यांत गेली, राहिला तो तेवढा तुकडा. त्या वेलाचा मला भारी अभिमान होता.

पोरं ताटं घेऊन ओळीनं बसली. बायको दुधी घातलेल्या वरणाची पळी भरून पहिल्या मुलीच्या ताटाशी वाकली आणि तशीच थांबली. तिच्या लक्षात आलं, चिरताना तुकडा तोंडात टाकायचा राहिलाय. उपासाच्या नादात हात तोंडाकडे गेलाच नव्हता.

गुरुजी म्हणाले, वास तर झकास येतोय, वाढा, पोरं ताटकळलीत. मलाही राग आला. आमच्या वेलाचा दुधी आजवर कधी कडू निघाला नव्हता. आण, मी बघतो चव, म्हणून मी पुढे झालो, तर तिनं माझ्या गालातल्या तंबाखूकडे नुसतं पाहिलं. भाजीत मीठ विसरलं तरी मला कळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? बाई उठल्या, राहू द्या, मी घेते म्हणाल्या. तोवर हिनं वाटीत वरण घेतलं होतं. फुंकर मारली आणि प्यायली. एवढे सोमवार गेले आणि एक संध्याकाळ उरली होती.

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. चूळ भरून आली आणि म्हणाली, "कडू हाय. एकालाबी वाढायचं न्हाई."

मी तंबाखू थुंकलो, तोंड धुतलं आणि बोट बुडवून चाटलं. जहर! आख्खं पातेलं शाळेमागच्या खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली. मग मी कंटेनरच्या रांगेतून गाडी काढत बेसन आणायला पळालो. गुरुजींनी कांदे सोलले, डोळे पुसत पुसत बाईंनी ते चिरले आणि हिनं बघता बघता पिठलं टाकलं. पोरांनी भातावर पिठलं असं ओरपलं की मला बघत राहावंसं वाटलं. पंगत उठायच्या आधी तीही ताट घेऊन त्यांच्यात बसली. तो वेल मी दुसऱ्या दिवशी मुळासकट उपटला.

शिफ्टला जायच्या आधी तिला गाडीवरून घरी सोडताना मात्र मी बोललोच. वाईट वाटत होतं, म्हणून आवाज चढला. बाई घेत होत्या ना चव, घेऊ द्यायची होती. त्यांचा काय नवस होता? तुझाच का मोडलास?

कंपनीचं गेट मागे पडल्यावर ती म्हणाली, "वरण माझ्या हातचं होतं. त्यातलं एखादं लेकरू आज दवाखान्यात पडलं असतं आन् उद्या देवानं माझी ओटी भरली असती, तर त्या पोराला मी कंच्या हातानं भरवलं असतं?"