वाळ्याचे राखणदार

खाणीतून वर आल्यावर पाय धुतल्याशिवाय रंगनाथदादा कुणाशी बोलत नसत. कडेला पाण्याचा कॅन ठेवलेला असे. आधी पाय, मग हात, मग खुरप्याचं पातं. मी काही विचारत समोर उभी असले तरी धुणं संपेपर्यंत उत्तर मिळायचं नाही. सगळं झालं की म्हणत, "हं, बोला मॅडम. आता मानसात आलो." आज दादा नाहीत, पण त्यांचा विषय निघाला की मला आधी त्यांचे ते ओले, भेगाळलेले पायच दिसतात.

सुप्याजवळच्या आमच्या गावाच्या गायरानात ती खाण होती. रस्त्यासाठी खडी काढून ठेकेदार निघून गेला, खड्डा राहिला. पुढे कुठल्याशा कारखान्याचे टँकर त्यात हिरवट गाळ ओतून जाऊ लागले. गावाने ओरड केल्यावर टँकर थांबले. गाळ मात्र तिथेच राहिला. खाणीच्या उताराला दादांचं रान. त्यांची गाय विहिरीच्या पाण्याला तोंड लावेना, तेव्हा ते त्या पाण्याची बाटली घेऊन आमच्या कॉलेजात आले. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवते. तपासणीत पाण्यात निकेल आणि क्रोमियम निघालं. दादा एवढंच म्हणाले, "कुनी केलं ते मला ठाऊक हाय. हे काढायचं कसं, ते सांगा."

गाळ उचलून न्यायला कुणी तयार होईना. म्हणून आम्ही खाणीत वाळा लावला. उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच. त्याची मुळं खोल जातात आणि जमिनीतला धातू ओढून धरतात. मधूनमधून रुई आणि तरवड लावला.

"वढल्यालं जातं कुटं?" दादांनी विचारलं.

"बरंचसं मुळात राहतं. थोडं पानात चढतं. किती, ते तपासल्यावरच कळेल. तोवर एक काडीही जनावराच्या तोंडी जायला नको."

राखणीचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. खाणीकडे कुणी शेरडं वळवली की लांबूनच ओरडत, "ते जेवाय बसलंय! त्याचं ताट वढू नका!" पोरं हसायची. दादा हसत नसत.

मग पावसाने पाठ फिरवली. गायरान करडं पडलं, कडबा मिळेनासा झाला. तळाच्या ओलीवर वाळा मात्र पुरुषभर वाढला. आटलेल्या त्या माळावर तेवढाच एक तुकडा हिरवागार होता आणि तो गावाला दिवसभर दिसत होता. पानांचे नमुने आम्ही पुण्याला पाठवले होते, पण अहवाल येत नव्हता. मी गेले की दादा माझ्या हाताकडे बघत. "आला का कागद?" मी मान हलवायची.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, मानसं आल्यात. तुमी या." मी स्कूटर काढली. खाणीच्या खालच्या अंगाला, जिथून पूर्वी खडीच्या गाड्या आत उतरायच्या, त्या वाटेवर माणसं विळे घेऊन उभी होती. सगळ्यांत पुढे दादांचा धाकटा भाऊ सोपान. वाट अडवून दादा एकटेच उभे.

"गायरान गावाचं हाय," सोपान म्हणाला. "तुज्या बापाचं न्हाई."

"आपला बाप एकच हुता, सोपान."

मागून एक जण मला म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा. ह्यात इख हाय का न्हाई?"

सगळे माझ्याकडे वळले. हो म्हटलं असतं तर सगळे परत गेले असते. पण मला ठाऊकच नव्हतं. "अहवाल यायचाय," मी म्हणाले. "आज खात्रीनं सांगता येत नाही."

"ऐका! ह्यांनाच ठाऊक न्हाई!" गलका झाला. सोपान पुढे सरकला. दादांनी त्याचं विळा धरलेलं मनगट पकडलं. दोघांच्या हाताच्या शिरा तटतटल्या. आता काहीतरी होणार म्हणून मी डोळे मिटणार, तोच दादांनी मनगट सोडलं आणि ते बाजूला झाले.

"काप. मी आडवत न्हाई. पर हे खाल्लेल्या म्हशीचं दूध डेरीला घालायचं न्हाई. तुज्या नातीला पाजायचं. माज्यासमोर. पाजशील?"

सोपानचा विळा तसाच राहिला. त्याच्या मागे त्याची सून चारा बांधायचं रिकामं फडकं घेऊन उभी होती. ती सासऱ्याला म्हणाली, "न्हाई आण्णा. मी न्हाई पाजायची." फडकं खांद्यावर टाकून ती माघारी वळली. मग एकेक जण वळला. सोपान सगळ्यांत शेवटी गेला. त्या दिवसापासून भावाभावांतलं बोलणं बंद झालं.

महिन्याभरात सोपानने म्हैस विकली. नंतर दादांची गायही गेली. टेम्पोत चढवताना ती खाणीकडे मान वळवून दावं ओढत होती. दादांनी तिला ढकललं, मागची फळी लावली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. दारात उभ्या वहिनी, दादांची बायको, मला म्हणाल्या, "एवढं हिरवं दारात आन गाय इकायची. कुनाला सांगू मी हे?"

अहवाल आला तेव्हा नवा पाऊस पडून गेला होता. खालच्या अंगाच्या पानांत धातूचं प्रमाण भयंकर होतं. वरच्या कडेच्या पानांत अगदी थोडं.

"म्हंजे वरचं चाललं असतं?" दादांनी विचारलं.

"कदाचित."

ते वरच्या कडेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाईट वाटून घ्यायला बसलो तर लई वाटंल, मॅडम. पर तवा ठाऊक न्हवतं. ठाऊक नसताना कसं पाजायचं?" आणि उठले. "चला, सोपानला सांगू."

मी म्हणाले, "कशाला? नव्याने भांडण होईल."

"त्याची म्हैस गेलीया. त्याला कळाय पायजे."

सोपान अंगणात बाजेवर बसला होता, नात पायाशी खेळत होती. त्याने आम्हाला या म्हटलं नाही. दादा उभ्यानेच बोलले. "कागद आलाय. वरच्या कडंचं गवत चाललं असतं."

सोपानचा चेहरा काळवंडला. आता हा उठेल आणि अंगावर येईल, असं मला वाटलं. त्याने विचारलं, "आन खालचं?"

"खालचं लई वाईट."

"मी तवा कुठल्या अंगाला हुतो?"

"खालच्या."

सोपानने नातीला उचलून मांडीवर घेतलं. पोरगी सुटायला धडपडत होती, त्याने सोडलं नाही. मग तिला तशीच धरून तो बाजेवर थोडा सरकला, आणि रंगनाथदादा त्याच्या शेजारी जाऊन बसले.