उभ्या गाडीत जागं कोण?

निर्माल्य साचतं तसे आमच्या घरात गाडीचे किस्से साचलेत. रोज थोडे थोडे, आणि विसर्जनाला मुहूर्त नाही. माणूस आजारी पडला तर तो दवाखान्यात जातो. लाखनीत गाडी आजारी पडली की सगळे डॉक्टर सकाळच्या चहाला आपल्याच ओट्यावर येतात.

आजार साधाच होता. गाडी चालवली तर उत्तम; अंगणात उभी ठेवली की तिसऱ्या दिवशी बॅटरी गार. आणि आमची सुषमा बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कळा सुरू झाल्या की लगेच भंडाऱ्याला आणा. वाट पाहत बसू नका."

तिची सुटका सुखरूप व्हावी म्हणून मी सोळा सोमवार धरले. ह्यांनी तर देवासमोर हात जोडून खर्रा सोडला. सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा जन्मभर गालात ठेवणाऱ्या माणसाने! मला नवस तिथेच अर्धा फळल्यासारखा वाटला.

*

पहिले डॉक्टर म्हणजे गुरुजी. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निदान केलं: गाडी थंड फरशीवर उभी असते, म्हणून करंट जमिनीत उतरतो. चारही चाकांखाली सागाच्या फळ्या आल्या.

मी भीत भीत विचारलं, "गुरुजी, टायर रबराचेच असतात ना?"

"वहिनी, तुम्ही पोथीचं पाहा. हे सायन्स आहे."

तिसऱ्या दिवशी गाडी फळ्यांवर बंद पडली. आधी फरशीवर पडत होती, एवढीच काय ती प्रगती.

*

दुसरे बंडूभाऊ. दोन ट्रॅक्टरचे मालक, त्यामुळे चाक असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा अधिकार. "बॅटरी म्हतारी झाली, दुसरं काही नाई," ते म्हणाले. नवी बसवली. तिसऱ्या दिवशी तीही गेली.

"भाऊ, ही तर नवी होती."

"नवीच हाये ना, वहिनी. नव्या सुनेले सासरी रुळाले वेळ लागते का नाई?"

तीन दिवसांत सुनेनं मान टाकली तर शहाणी माणसं सासरकडे बोट दाखवतात. पण हे मी मनातच म्हटलं. त्यांचा चहा अजून संपायचा होता.

*

तिसरा उपाय घरचा. हे म्हणाले, "रोज सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो." ठेवली. काचा वर करून एकटेच आत बसत. माझ्या तुळशीवर धूर, वाळत घातलेल्या वड्यांवर धूर. पण हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. उतरताना चेहरा इतका शांत, की मला वाटे आत बसून जप करत असावेत. बॅटरीला मात्र त्या जपाचा गुण आला नाही.

*

पुढचा किस्सा मला हसून सांगता येत नाही. सुषमाच्या तपासणीचा दिवस. पोट सावरत ती गाडीत बसली, ह्यांनी चावी फिरवली आणि नुसती कटकट झाली. सुषमाला खाली उतरवलं, आणि सगळा ओटा गाडी ढकलायला धावला.

"सेकंडमध्ये टाका."

"क्लच सोडा ना. आता नाई, आता."

"काहून सोडला? मी सोडा म्हटलं का?"

ढकलत ढकलत हायवेच्या तोंडापर्यंत पोचले. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि सुषमा उन्हात कडेला उभी. ती हळूच म्हणाली, "आई, कळा येतीन त्या दिवशी बी असंच झालं तं?"

ऑटोत गचके खात आम्ही भंडाऱ्याला गेलो.

*

हायवेवर ट्रकांची वायरिंग करणारे एक म्हातारे चाचा आहेत. परत येताना ऑटो थांबवून मी त्यांनाच विचारलं.

"बाई, गाडी झोपते तवा आत कोणीतरी जागं राहून बॅटरी पिऊन राहिलं. त्याले धरा."

त्यांनी दोन वायरींचा एक छोटा बल्ब दिला. बॅटरीची काळी वायर सोडून मध्ये तो जोडायचा. पेटला म्हणजे कोणीतरी पितंय. मग एकेक फ्यूज काढून पाहायचा. ज्यानं बल्ब विझेल, त्याच वाटेवर चोर.

ओट्यावर सांगितलं तर बंडूभाऊ हसले. "चाचाले ट्रकचं समजते, वहिनी. ही कार हाये."

पण मला ही रीत नवी नव्हती. श्रावणात पालेभाजी सोडायची, भाद्रपदात दही, आश्विनात दूध. एकेक वर्ज्य करायचं आणि देह काय म्हणतो ते पाहायचं. चातुर्मास म्हणजे दुसरं काय असतं?

सोमवारी पूजा आटोपली. ओटा जेवायला घरोघरी गेला तेव्हा मी बॉनेट उघडलं. बल्ब मिणमिणता पेटला. एक फ्यूज काढला, परत लावला. दुसरा. तिसरा. दिवा तेवत राहावा म्हणून जन्मभर हात जोडले. त्या दुपारी पहिल्यांदा दिवा विझावा म्हणून जोडले.

सातव्या फ्यूजला विझला. तो गाडीच्या आतल्या दिव्यांचा होता. छतावरचा दिवा बंद, डिकी घट्ट लागलेली. उरला डॅशबोर्डमधला कप्पा. त्याचं झाकण बोटभर उघडं होतं. फ्यूज परत लावून झाकण ओढलं. कागदपत्रांखाली खर्र्याच्या पाच टम्म पुड्या. त्यांच्यामुळे कप्पा कधी पुरता लागतच नव्हता. वर, झाकण लागलं तरच विझणारा एक बारीक दिवा, देव्हाऱ्यातल्यासारखा, अखंड.

वळून पाहिलं तर हे दारात उभे.

मी पुड्या उचलून पुढे केल्या. नवस त्यांचा आणि देवाचा. त्यांनी माझ्या हातातून पुड्या घेतल्या आणि स्वतः जाऊन उकिरड्यात पुरल्या. येऊन कप्पा लावला. खट् वाजलं आणि बॉनेटमधला बल्ब विझला.

*

चाचांनी बॅटरी चार्ज करून दिली. त्यानंतर चार दिवस गाडी जागची हलली नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी कळा सुरू झाल्या. मी मागे सुषमाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ह्यांनी चावी लावली.

पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. संध्याकाळी नात झाली.

बारशाला सगळा ओटा हजर. गुरुजी म्हणाले, "फळ्यांचा गुण उशिरा आला, पण आला."

"कायच्या फळ्या? बॅटरी रुळली," बंडूभाऊ म्हणाले.

वाद वाढला तसे गुरुजी ह्यांच्याकडे वळले. "गाडी तुमची. तुम्हीच सांगा, कशानं सुधारली?"

हे पाळण्याची दोरी ओढत होते. ती थांबवून म्हणाले, "कप्पा रिकामा केला, गुरुजी."

मग बंडूभाऊंनी पेढा तोंडात टाकला.

"मी तं पयल्याच दिवशी म्हटलं होतं," ते म्हणाले.