सखा भोईची नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. मला याद्या करायची सवय. बाजाराची, पेरणीची, लग्नातल्या भांड्यांचीसुद्धा. पण ही गोष्ट माझ्या एकाही कागदावर नाही.

पासष्टच्या लढाईत शत्रूचे छत्रीसैनिक तापीकाठी उतरणार अशी अफवा होती. गावाने गस्तीची समिती केली, चिटणीस मी. सखा भोईची मासेमारीची लाकडी नाव आम्ही घेतली. जाळी उतरवली, राखाडी रंग दिला, पुढे कंदील टांगला. त्याने हरकत घेतली नाही — घेतली असती तर आम्ही ऐकलं असतं का?

लढाई थांबली. नाव परत करायचा हुकूम यायचा होता, आणि मला सगळं जागच्या जागी लागतं. मी ती काठावर ओढून साखळीने बांधायला लावली. सखा म्हणाला, "भाऊ, नावले पानीमाच ऱ्हाऊ द्या. सुकनी ते फाटी जाई."

मी म्हणालो, "नाव शे का म्हैस शे रे?"

समितीतले चौघे हसले. तोही हसला, थोडासा.

महिनाभर ऑक्टोबरचं ऊन. फळ्या आक्रसल्या, सांधे उघडले. रंगाखाली आम्हाला काही दिसलं नाही. मग फौजदार पाहणीला आले, शिपायांसह नावेत बसले. सखा नाव लोटायला कचरत होता. मीच हाताने खूण केली — चल. भर पात्रात नावेत पाणी शिरलं. माणसं पोहून निघाली, नाव वाहून गेली.

फौजदार भडकले. भोयाने मुद्दाम केलं म्हणाले, फितूर आहे. मला विचारलं, याने आधी काही सांगितलं होतं का?

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. कशाची भीती वाटली? चिटणीसपद जाण्याची? हसणारे चौघे तिथेच होते, जमिनीकडे बघत. सखाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खरं शे साहेब. मी काहीच नही सांगं."

मग गाव त्याच्याशी बोलेना. तो घाटावर एकटा बसायचा. मी शेताला लांबच्या वाटेने जाऊ लागलो.

फाल्गुनात तो बायकोला घेऊन गाव सोडून निघाला. माझ्या दाराशी थांबला, डोक्यावर बोचकं.

"भाऊ, जास मी."

मी दाराआड उभा होतो. ओ दिली नाही.