झुलीखालचं घड्याळ

मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो मला एकदा भेटायला हवा होता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी कॉम्प्युटरवर बसायचे. अख्ख्या गल्लीत तो एकच, म्हणून मालकांनी त्याला बेंदराच्या सणाला सजवलेल्या बैलाला शोभेल अशी जांभळी मखमली झूल शिवून घेतलेली. मालक स्वतः लेथवर हात काळे करून वर आलेले. फिरेल ते मशीन झिजतं, हा त्यांचा धर्म. त्यामुळे सकाळी मालाच्या चिठ्ठ्या छापून झाल्या की मेन स्विच बंद, वर झूल आणि समोर उदबत्ती.

चिठ्ठीवर वेळ छापून यायची. मी कोडोलीहून एसटीनं यायचे आणि गिरणीचा भोंगा व्हायच्या आत खुर्चीत असायचे. कॉम्प्युटरचं घड्याळ मात्र रात्रीत मागं पडायचं. रोज सकाळी भोंगा ऐकून मी ते पुढं करायचे. एके दिवशी गडबडीत राहिलं आणि चिठ्ठीवर फाटक उघडायच्या आधीची वेळ आली.

मालक कामगारांसमोरच ओरडले, "बाई, उशिरा येतायसा आन् घड्याळ मागं सारतायसा व्हय? असलं हितं चालायचं न्हाय. म्हैनाअखेर घरी बसा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उशीर झाला असता तर मी 'झाला' म्हणाले असते, एसटी काही माझ्या बापाची नव्हती. पण न केलेल्या लबाडीचा शिक्का घेऊन मी कोडोलीला परत जाणार नव्हते.

"आज वेळ तुमीच लावा," मी म्हणाले, "आन् खोलीला कुलूपबी तुमचंच घाला."

त्यांनी घातलं. सकाळी स्वतःच उघडलं. घड्याळ मागंच होतं.

"कंपनीनं फशिवलं," मालक पुटपुटले. पण तोवर मी मशीनबरोबर आलेलं पुस्तक वाचलं होतं. आत एक छोटी बॅटरी असते. मशीन बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं, आणि मशीन चालू असतं तेव्हाच ती चार्ज होते. घटकाभर चालवून दिवसभर झूल पांघरली तर ती बिचारी चार्ज होणार कधी? मी म्हणाले, आता मशीन चालूच ठेवायचं.

"झिजंल की," मालक म्हणाले.

"शिरोळला तुमचा ट्रॅक्टर पावसाळाभर हुबा असतोय. मग पयल्या दिशी सुरू व्हतोय?"

"न्हाय. बॅटरी उतरती."

"मग ड्रायव्हरला घरी बसिवता?"

मालकांनी स्वतःच झूल बाजूला केली. तरी संध्याकाळी सवयीनं हात मेन स्विचकडं गेलाच. मी आडवी उभी राहिले. रविवारीसुद्धा मशीन चालू ठेवायला लावलं. सोमवारी संध्याकाळी मात्र परीक्षा म्हणून मीच ते बंद केलं, आणि कुलूप पुन्हा त्यांनी घातलं.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं पडद्यासमोर उभे होतो. भोंगा झाला. घड्याळ बरोबर होतं.

"बरं झालं," म्हणून मालक निघाले.

"मालक, आळ समद्यांसमोर घेतलासा," मी म्हणाले. "मागंबी तसाच घ्या."

 ते दारात जाऊन कामगारांकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "बाई येळंत येत हुत्या."

भोंगा थांबला होता, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं.