आप्पांच्या मागची गाडी

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. मडगार्डच्या आत चिखल साठतो ना, तसे ते आपोआप साठतात. गाडी धुवायला घेतली की कळतं, अरे बापरे, हे सगळं आपण घेऊन फिरत होतो! आमच्या ग्रुपचं तसंच झालंय. सध्या पाय उशीवर ठेवून घरी बसलोय, म्हणून एकेक आठवतंय.

आधी माणसं सांगतो. चौघंच आहोत. सगळ्यात पुढे दत्ताभाऊ, पाबळचा. शेवंती आणि टोमॅटो पिकवतो आणि हँडलला जीपीएस लावून आम्हाला वाट दाखवतो. त्याच्या मागे वैशाली मॅडम, दौंडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. तिसरे आप्पा, मांडवगणचे. वय चौसष्ट, घरचा ऊस, हृदयात दोन स्टेंट आणि बुडाखाली दोनशे किलोची अॅडव्हेंचर बाईक! शेवटी मी, सतीश. शिरूरजवळ एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. सगळ्यात मागे राहायचं, कुणाला ओव्हरटेक करायचं नाही, कोण पडलं तर उचलायचं. म्हणजे माझी नोकरी रविवारीही चालूच!

आमचा पहिला नियम, डांबर फक्त आडवं ओलांडायचं. बाकी कॅनॉलचे रस्ते, गाडीवाटा, माळरान, नदीकाठ. असे आम्ही शिरूरहून निघून करमाळ्याच्याही पलीकडे दोन-दोन दिवस जातो. दुसरा नियम, अरुंद वाटेवर कुणी मागे वळायचं नाही. पुढच्या फाट्यावर थांबून मागच्याची वाट बघायची.

लोक विचारतात, "भीती नाही वाटत?" वाटते की! मला तर घरच्या गेटपासूनच वाटते.

*

आप्पांची अँजिओप्लास्टी झाल्यावर पहिल्यांदा त्यांना घ्यायला गेलो, तेव्हा ते टायरमधली हवा बघत होते. काकूंनी मला गोठ्याकडे बोलावलं.

"सतीश, तू मागं असतो ना?"

"हो काकू."

"मंग ह्यांच्यावर ध्यान ठेव. थांबाल तिथनं मला फोन कर. आन् ह्यांना कळू देऊ नको. कळलं तर उद्यापास्नं एकटंच जातील."

झालं! त्या दिवसापासून मी निसर्ग बघितलेला नाही. फक्त आप्पांची पाठ बघतो. पाठ डावीकडे कलली की माझं बोट हॉर्नवर जातं. एकदा तर हॉर्न मारून मारून त्यांना थांबवलं. आप्पा म्हणाले, "का रं?" मी म्हणालो, "तुम्ही कललात!"

"आरं, खाजवत व्हतो!"

त्यात आप्पांच्या गाडीला आरसे नाहीत. दोन्ही काढून टाकलेत. झाडांना अडकून मोडतात म्हणे. मी दर वेळी सेफ्टीवर भाषण देतो. आप्पा म्हणतात, "म्हागं बघून काय करायचं? म्हागं तू हाय."

*

एकदा कासुर्डीच्या पुढे डोंगराकडच्या एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो. अंगात जाड जाकिटं, गुडघ्यांवर गार्ड, दत्ताभाऊच्या हँडलवर नकाशा. तो नकाशा बघत मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, लाइन इथनं सरळ ह्या हिरीवरून जातीय!"

पाच मिनिटांत अख्खी वस्ती गोळा. एक आजी काठी टेकत आली आणि विहिरीच्या कठड्यावर ठाण मांडून बसली.

"मोजणी करायची न्हाई! आधी मला उचला, मंग हिरीचं बघा!"

मी समजावलं, "आजी, आम्ही फिरायला आलोय."

"फिरायला? हितं? हितं काय हाय?"

मागून एक जण ओरडला, "हायवेवालं बी आधी असंच गोड बोललं व्हतं!" दोघांनी आमच्या गाड्यांपुढे बैलगाडी आडवी लावली. माझं लक्ष आप्पांकडे. त्यांचा आवाज चढला, रक्तदाब चढला, तर इथून दवाखाना कुठला जवळ, हाच हिशेब डोक्यात चाललेला.

आप्पांनी शांतपणे हेल्मेट काढलं. "बाबांनो, ह्यांना सकाळपास्नं चहाचं दुकान घावंना. हे कसला हायवे काढत्यात!"

वस्ती हसली, चहासुद्धा मिळाला. पण आम्ही दिसेनासे होईपर्यंत आजी काही कठड्यावरून उठली नाही!

तिथंच मला ती गोष्ट पहिल्यांदा दिसली. चहा झाल्यावर आप्पा बाभळीमागे गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि हात तोंडाशी नेला. लघवीला गेलेला माणूस हात तोंडाशी नेत नाही. माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला, जिभेखालची गोळी! छातीत दुखतंय आणि हा माणूस लपवतोय!

मग लक्ष ठेवायला लागलो. प्रत्येक थांब्यावर तेच. झाड, टाकी, घराचा कोपरा, काही तरी आडोसा शोधायचा आणि पाठ करायची. विचारलं तर, "तू तुझं बघ."

काकूंना सांगावं तर त्या गाडीची किल्लीच लपवतील आणि आप्पा त्यातच झुरतील. न सांगावं आणि काही झालं तर? रात्र रात्र झोप नाही यायची मला. सुजाता, माझी बायको, म्हणायची, "एवढी काळजी वाटते तर जाऊ नका ना." पण मी नाही गेलो तर आप्पांच्या मागे कोण?

*

मी औषधांची पेटी घेतली. बीपीचं मशीन, बँडेज, जिभेखालची गोळी तीन ठिकाणी ठेवलेली. मॅडम त्या पेटीला 'सिव्हिल हॉस्पिटल' म्हणतात.

गेल्या रविवारपर्यंत, तीन वर्षांत, पेटी एकदाच उघडली. कुकडी कॅनॉलच्या चारीवर एक मेंढपाळ हात करत धावत आला. मी पेटी घेऊनच पळालो. शेळीच्या पायात तार घुसली होती. मी तार काढली, धुतलं, बँडेज केलं. घाबरलो की मी फॉर्म भरल्यासारखं बोलतो, तसं विचारून गेलो, "आधीचा काही त्रास? बीपी, शुगर?"

मेंढपाळ गंभीरपणे म्हणाला, "तिला न्हाई. मला हाय."

*

आमची एक लाडकी वाट होती. दगडगोटे, दोन ओढे, मधे निवडुंग. वर्षभरानं तिथं गेलो तर काळाकुळकुळीत डांबरी रस्ता! दत्ताभाऊनं गाडी थांबवली, खाली बसून रस्त्यावर हात फिरवला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "पार सत्यानाश केला ह्यांनी!"

शेजारच्या पारावरून पांढऱ्या कपड्यातला एक माणूस ताडकन उठला. सरपंच होते. आमची जाकिटं बघितली, माझ्या हातातली वही बघितली. मी पेट्रोलचा हिशेब लिहीत होतो. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सायेब, आजून एक थर टाकायचा ऱ्हायलाय!"

*

आता उसातला किस्सा. घोडच्या कॅनॉलवरून चाललो होतो. वळण घेतलं तर पुढे आप्पांची गाडी उभी. स्टँडवर, इंजिन बंद, हेल्मेट हँडलला. आप्पा नाहीत.

दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. मी गाडी तशीच टाकली आणि सरीत घुसलो. "आप्पा! आप्पा!" पानं तोंडाला कापत होती. सरीत पालथे पडलेले आप्पा मला दिसायलासुद्धा लागले होते.

बांधावरून एक शेतकरी दबक्या आवाजात म्हणाला, "ओ पाव्हणं, वरडू नका. कालच हितं बिबट्या बघितलाय."

आता काय करायचं? ओरडलो तर बिबट्या, न ओरडलो तर आप्पा! मी मधला मार्ग काढला. वाकून सरीसरीनं कुजबुजत निघालो, "आप्पाऽ... आप्पाऽ..."

मागून खांद्यावर हात पडला. मी असा किंचाळलो, की बिबट्या असता तर तालुका सोडून गेला असता!

आप्पा उभे. हातात मोबाइल. "कुणाला हुडकतोय?"

"तुम्हाला!"

"मंग हळू का बोलतोय?"

रडू यायचंच बाकी होतं. "कुठं गेला होता?"

"वर बांधावर. हितं रेंज न्हाई."

"डॉक्टरांना फोन केलात ना? खरं सांगा!"

"तू तुझं बघ," आप्पा म्हणाले आणि हेल्मेट घातलं.

*

आता गेल्या रविवारचं. करमाळ्याकडून परत येत होतो, भीमेच्या काठानं. शेवटचे दहा-बारा किलोमीटर. एका चढावर भुसभुशीत मातीत माझं पुढचं चाक रुतलं, हँडल फिरलं आणि गाडी माझ्या डाव्या पायावर आली.

पाय निघेना. मोबाइल टाकीवरच्या बॅगेत, ती पलीकडे. पेट्रोल थेंब थेंब गळत होतं आणि इंजिन तापलेलं. पुढच्या तिन्ही गाड्यांचे आवाज लांब जात जात बंद झाले.

तेव्हा डोक्यात आलं की शेवटच्या माणसाच्या मागे कुणीच नसतं. तीन वर्षं मी सगळ्यांना मोजलं, मला मोजायला कुणी नव्हतं. वाट अरुंद, नियमाप्रमाणे कुणी वळणार नाही. फाटा पुढे किती लांब, कुणास ठाऊक. मी फार घाबरलो. सुजाताला हाका मारल्या, हेही सांगून टाकतो.

आणि मग एका गाडीचा आवाज परत जवळ यायला लागला.

आप्पा! गाडी आडवी टाकून ते धावतच आले.

"आप्पा, उचलू नका! दत्ताभाऊ येऊ दे! तुमचे स्टेंट!"

"गप!"

त्यांनी पाठ लावून गाडी वीतभर उचलली. मी पाय ओढून घेतला. आप्पा धपकन खाली बसले, हात छातीवर. मी रांगत पेटीपर्यंत गेलो, गोळी काढली. त्यांनी माझा हात बाजूला सारला. "दम लागलाय नुसता. पानी दे."

जरा वेळानं मी विचारलं, "आरसे नाहीत, मग कळलं कसं?"

"तुझ्या गाडीचा आवाज बंद झाला ना."

मांडवगणच्या अलीकडे चहाला थांबलो. पाय भोपळ्याएवढा सुजलेला. मॅडमनी दवाखान्यात न्यायला जीप बोलावली. मी म्हटलं, आधी काकूंना कळवू. लंगडत पाण्याच्या टाकीमागे गेलो, फोन लावला. "काकू, आप्पा बरे आहेत. पोचतोयच आम्ही." आप्पांनी गाडी उचलली, ते गाळलं.

फोन ठेवला, तर टाकीच्या पलीकडून आवाज आला. आप्पा होते. डोकावून बघितलं, तर माझ्याकडे पाठ, हात तोंडाशी, मोबाइल कानाला.

"व्हय सुजाता... हाय, म्हागंच हाय माझ्या. पाय दुखावलाय जरा, पर भ्यायचं काम न्हाई... न्हाई गं पोरी, त्याला कुठं कळू दिलंय!"