मागण्यांच्या वहीआधी

माझे सासरे, आमचे बाबा, निवृत्त मुख्याध्यापक. पेणच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी चहा झाला की ते प्रार्थनेला बसवत. त्यांच्याकडे एक वही होती, तीत देवाकडे मागायच्या गोष्टी क्रमाने लिहिलेल्या. मुलाला डोलवीच्या लोखंडाच्या कारखान्यात कंत्राटाऐवजी कायमची नोकरी लागो. सुनेची रोह्याच्या शाळेतून पेणला बदली होवो. हजेरी घ्यावी तसे ते एकेक वाचत आणि आम्ही दोघं 'आमेन' म्हणत असू.

नव्वदचं दशक संपता संपता बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तीन आठवड्यांनी दोनच शब्द परत आले: "फार छान." डॉक्टर म्हणाले, असं होतं, आयुष्यभर घोटलेले शब्द कधीकधी आधी येतात. मुलांच्या वह्या तपासताना बाबांनी ते हजारो वेळा लिहिले असतील. घरात मात्र आम्ही क्वचितच ऐकले होते.

आता पाणी हवं असलं तरी "फार छान", खिडकी लावायची असली तरी "फार छान". आम्हाला अर्थ लागला नाही तर ते चिडत, आणि चिडूनही तेच म्हणत. मग डोळ्यांत पाणी येई. मी शाळेत असताना त्यांच्याजवळ खाडीकाठच्या गावातल्या एक मावशी थांबायच्या. त्यांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. त्यांना बाबांचं बोलणं आमच्याआधी समजायला लागलं.

प्रार्थना माझ्याकडे आली. मी तीच वही घेऊन बसायचे. शेवटी एक मागणं वाढवलं होतं, बाबांची वाचा परत दे.

एकदा रोह्याहून गाडी उशिरा आली. दमून घरी पोचले, भराभर वही वाचली आणि 'आमेन' म्हणणार तोच बाबांनी डावा हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटले.

"फार छान," ते म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "फार छान."

सात-आठ वेळा तरी म्हणाले असतील. दर वेळी सूर निराळा, जणू दर वेळी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होते. चिडचिड नव्हती. घरी निघालेल्या मावशी दारातच थांबल्या होत्या. मी त्यांना सोडायला बाहेर गेले तेव्हा म्हणाल्या, "आज मास्तरांनी देवाकडं काय पन मागितलं नाय गो. नुसतं कौतुक केलं त्याचं."

खरं सांगायचं तर मला रागच आला होता. या घरात छान काय चाललं होतं?

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत तेच डोक्यात होतं. माझ्या प्रार्थनेत देव म्हणजे शिक्षण खात्याचं कार्यालय होतं. अर्ज द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. दिलेल्या गोष्टींबद्दल मी त्याचे आभार मानत असे, पण तो स्वतः कसा आहे हे त्याला कधी सांगितलं होतं का? नागोठणं सुटल्यावर मी मनातल्या मनात सुरुवात केली. "प्रभू, तू चांगला आहेस. तू विश्वासू आहेस." पुढे काही सुचेना. पुढचं निडी स्टेशन यायच्या आत मी "म्हणून माझी बदली..." इथवर पोचले होते. माझं मलाच हसू आलं.

मी घरी सुचवलं, वही उघडण्याआधी प्रत्येकानं देवाची स्तुती करायची. आमचे हे संकोचले. "मला नाही जमत असलं," म्हणाले. चार दिवस नुसतं 'आमेन' म्हणाले. पाचव्या दिवशी खाली बघत म्हणाले, "देवा, आज वितळलेलं लोखंड वाहताना पाहिलं. हे ज्यानं दगडात लपवून ठेवलं, तो केवढा मोठा असेल." बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बदलीचा अर्ज नामंजूर झाला त्या दिवशी माझ्या तोंडून स्तुती निघेना. "आज मला जमणार नाही," असं मी देवालाच सांगितलं. कुणी समजूत घातली नाही. बाबांनी त्यांच्या दोन शब्दांनी सुरुवात केली आणि मी ऐकत राहिले. दुःख होतं तेवढंच राहिलं, पण मी उठून गेले नाही.

बाबांना पुढे 'पाणी' आणि 'नको' एवढं म्हणता येऊ लागलं. त्यापलीकडे वाचा आली नाही. दीड वर्षाने एका दुपारी ते गेले. दफन आटोपून पाहुणे परतले आणि संध्याकाळी आम्ही दोघंच बसलो. मला वाटलं, आज सरळ धीर मागावा. पण ह्यांनीच आधी सुरुवात केली. "प्रभू, तू जीवन देणारा आहेस," एवढं बोलून ते रडायला लागले. बराच वेळ रडले. मग डोळे पुसून त्यांनी देवाचं आणखी थोडं गुणगान केलं, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून धीर मागितला.