अकरा अंडी आणि लपवलेली खुडूक

हलिमामावशीनं गोधडीचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्यावरचा हात काही काढला नाही. गाठोड्यात तेरा अंडी होती. ती उबवायला बसलेली कोंबडी सकाळी मुंगसानं मारली होती. अंड्यांना त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. पिल्लू बाहेर यायला एकवीस लागतात.

"डागदर, अजून गरम हायती," ती म्हणाली. "दुसरी खुडूक बगा कुटं तरी."

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी डॉक्टर नव्हतो. कवठे महांकाळच्या बाजूला एका कोरडवाहू गावात स्टॉकमन होतो. स्टॉकमन म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. टोचायचं, मलमपट्टी करायची, रजिस्टर लिहायचं. साहेब आठवड्यातून एकदा यायचे आणि उरलेले सहा दिवस गाव मलाच डॉक्टर म्हणायचं. मी मूळचा वाईचा, घाटाजवळच्या आळीतला. आमच्या घरात कोंबडी सोडा, अंडंही कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. कोंबडी धरायची कशी हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो. त्यामुळं ट्रेनिंगमध्ये सांगितलेल्या प्रत्येक शब्दावर माझा भारी विश्वास होता.

खुडूक म्हणजे काय ते आधी सांगतो. गावठी कोंबडी पंधरा-वीस अंडी देते आणि मग एक दिवस द्यायचं बंद करते. पोटाची पिसं झडतात, अंग तापतं, कोपरा धरून बसते. जवळ गेलं की फुगून कुर्र करते. तिच्या डोक्यात आता पिल्लं असतात. अंडी असोत नसोत, ती बसून राहते, खातपीतही नाही धड. या काळात तिच्याखाली अंडी ठेवली की ती उबवते. जी कोंबडी खुडूक नाही तिला दोरीनं बांधून बसवलं तरी ती बसत नाही. इथं जबरदस्ती चालत नाही.

ट्रेनिंगच्या पुस्तकात खुडूक हा दोष म्हणून दिलेला होता. कोंबडी खुडूक झाली की महिना-दीड महिना अंडी बंद. म्हणून खुडूक मोडायची. बायका पूर्वी त्यासाठी कोंबडीच्या नाकपुडीतून पीस ओवायच्या, नाहीतर तिला पाण्यात बुचकळायच्या. ते मला बघवायचं नाही. मी सुताराकडून तळाला जाळी असलेला एक पिंजरा करून घेतला. तो आढ्याला टांगायचा, खालून वारा लागतो, पोट थंड पडतं, तीन-चार दिवसांत कोंबडी ताळ्यावर येते. मारुतीच्या देवळासमोर बायकांची मीटिंग घेऊन मी हे सगळं समजावून सांगितलं होतं. बायकांनी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, पिंजऱ्याला नंबर लावले. महिनाभर तो पिंजरा गावात या घरातून त्या घरात फिरत होता आणि मी रजिस्टरात नोंदी करत खूश होतो.

हलिमामावशी 'दुसरी खुडूक बगा' म्हणाली तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. गावात खुडूक कोंबडी राहिली असेल तर ती माझ्या हातून सुटलेली असणार होती.

हलिमामावशीचा नवरा कल्हई करणारा. भाता आणि भांडी घेऊन आठ-आठ दिवस गावं फिरायचा. घर दिराचं, चूल जावेची. तिचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं, एक कोंबड्या सोडल्या तर. अंगणभर कोंबड्या होत्या तिच्या. आदल्या साली मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, दोन दिवसांत खुराडं रिकामं. मी लस घेऊन पोहोचलो तेव्हा तिच्याकडं एकच तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, उरली होती. सुधारित जातीच्या तांबड्या अंड्यांची स्कीम आली तेव्हा मी तिचं नाव पहिलं घातलं. ती तलंग मोठी होऊन खुडूक झाली, तिच्याखाली ही तेरा अंडी ठेवली, आणि आता ती तलंगही गेली. स्कीममध्ये एका नावावर एकदाच अंडी मिळायची. ही गेली तर पुन्हा काही नाही.

मी दवाखान्यातली औषधाची खोली बंद करून अंधार केला. पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून टॉर्चचा उजेड अंड्यावर धरला की आतलं दिसतं. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं असतं आणि मधे एक काळा ठिपका. दोन अंडी कोरी निघाली, ती बाजूला काढली. अकरा चांगली होती. एक अंडं मी मावशीला दाखवलं. आतला ठिपका हलला.

"जीव हाय," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. डोळ्याला पदर लावला तिनं. मला कुठं बघावं कळेना.

या वयाची अंडी काही तास आईविना तगतात. एप्रिलचं ऊन होतं आणि खोलीच भट्टीसारखी तापली होती, तेवढा एक उपकार. पण संध्याकाळच्या आत कोंबडी मिळायला हवी होती. मी चप्पल घातली आणि निघालो. मावशी गाठोडं पोटाशी धरून मागून.

पुढचे दोन तास मी जन्मात विसरणार नाही. ज्या दारात जाईन तिथं बाई कौतुकानं सांगायची, खुडूक व्हती, पर तुमी सांगितल्यावर मोडली. एकीनं तर परत अंडी देऊ लागलेली कोंबडी उचलून दाखवली. मी प्रत्येक ठिकाणी 'छान, छान' म्हणत होतो आणि मावशी गाठोडं सावरत पुढच्या दाराकडं निघत होती. तिनं मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. वरच्या आळीतल्या एका घरासमोर मी म्हणालो, कुणीतरी उपकार म्हणून देईल हो कोंबडी. तेव्हा ती थांबली.

"उपकार नगो, डागदर. अर्धलीनं म्हणा."

अर्धल म्हणजे निम्मा वाटा. एकाची शेळी, दुसऱ्यानं सांभाळायची, करडं निम्मी-निम्मी. त्या भागात जमिनीपासून कोंबडीपर्यंत सगळं असं चालतं. मी मान डोलावली.

शेवटचं घर हौसाक्काचं. तिचे मालक फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरी हुकूम काढला होता, खुडूक मोडायची म्हणजे मोडायची. त्यामुळं मला फारशी आशा नव्हती. हौसाक्का ओसरीवर ज्वारी पाखडत होती.

"अक्का, खुडूक कोंबडी आहे का?"

"न्हाई बा. तुमी सांगितल्यावर तवाच मोडली."

तेवढ्यात आतून, कणगीच्या मागून, कुर्र आवाज आला. मी हौसाक्काकडं बघितलं. हौसाक्का सुपाकडं बघत राहिली.

"एक दिस टांगली व्हती," ती शेवटी म्हणाली. "वरनं नुसती बगायची माज्याकडं. मग न्हाई ऱ्हावलं. आमच्या ह्यास्नी सांगू नगा."

कणगीमागं पोत्याखाली तिनं पाटीत कोंबडी बसवली होती. खाली अंडी नव्हती, एक गुळगुळीत दगड होता. बसवायची अंडी ती बाजरीत जपून साठवत होती, अमावास्या झाली की ठेवणार होती. म्हणजे मी मागत होतो ती कोंबडी रिकामी नव्हती. ही दिली तर तिच्या अंड्यांचं कालवण होणार होतं.

मावशीच पुढं झाली. गाठोडं सोडलं, एक अंडं काढून हौसाक्काच्या हातात दिलं. मुंगसाचं सांगितलं. अर्धलीचं सांगितलं. हौसाक्कानं ते अंडं डोळे मिटून पापणीला लावलं. बायका अशीच ऊब बघतात, थर्मामीटर लागत नाही.

"किती हायती?"

"अकरा."

"इषम हाय, मग चालतंय. सम अंडी बसवू न्हाई," हौसाक्का म्हणाली आणि पाटीतला दगड काढून बाहेर टाकला.

कोंबडी हलवली असती तर तिनं खुडूक सोडली असती, म्हणून अंडी तिथंच ठेवायची ठरली. दिवेलागणीपर्यंत थांबलो, कारण अंधारात कोंबडी नवी अंडी सहज स्वीकारते. एकेक अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं. शेवटचं तिनं स्वतःच चोचीनं आत ओढून घेतलं. वीज कडाडली की अंड्यातला जीव जातो म्हणून हौसाक्कानं पाटीत लोखंडी खिळा आणि सुकी मिरची ठेवली. मीटिंगमध्ये मी याला खुळी समजूत म्हटलं होतं. त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं नाही.

दहा दिवस हलिमामावशी रोज दुपारी हौसाक्काच्या घरी येऊन कणगीजवळ बसायची. हवालदारांना अर्थात कळलं. ते मला वाटेत भेटले आणि एवढंच म्हणाले, घरात आपली कमांड चालत न्हाई. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. एक कवचातच गेलं, एकाला फोडून बाहेर यायचं बळ नव्हतं. मावशीनं त्या दोघांनाही हातात घेऊन बघितलं आणि मग परसात पुरलं.

साहेब आले तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. खुडूक मोडायच्या कामाबद्दल त्यांनी माझं नाव वर कळवलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला. फाईल मागवली. एका सर्क्युलरमध्ये होतं, खुडूक कोंबड्यांचं प्रमाण कमी करा. दुसऱ्यात होतं, स्कीमची अंडी गावातल्या खुडूक कोंबड्यांखाली ठेवा.

"दोन्हींवर सही माझीच आहे," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "पुस्तक मोठ्या पोल्ट्रीसाठी लिहिलेलं असतं. तिथं उबवायला मशीन असतं. तुमच्या गावात मशीन आहे का?"

"नाही साहेब."

"होतं की. तुम्ही टांगलंत ते."

दोन महिन्यांनी वाटणी झाली. नवावं कुणाचं यावर दोघी बराच वेळ हटून बसल्या, दोघीही दुसरीला घे म्हणत होत्या. शेवटी हौसाक्कानं ते मावशीच्या डालग्याखाली ढकललं आणि वर बसूनच राहिली. मावशी पाच तांबडी पिल्लं घेऊन घरी गेली. जावेनं दारात विचारलं, कुणाची गं ही? मावशी म्हणाली, माजी.

मी पुढं बरीच वर्षं नोकरी केली, सांगली जिल्ह्यात आणि साताऱ्यातही. लोक आपलं ऐकत नाहीत अशी तक्रार आमच्या लाईनीत सगळेच करतात. मी कधी केली नाही. त्या एप्रिलपासून मला जास्त भीती वाटते ती सगळ्यांनी ऐकण्याची.